जुनी तसबीर ओळखावी कशी आणि घरी लावावी कशी

मराठी घरांतल्या देवघरांत, माजघरांत आणि जिन्यालगतच्या भिंतींवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी रंगीत छापील चित्रे आली, त्यांतली बरीच आजही कुठे ना कुठे टिकून आहेत: माळ्यावरच्या ट्रंकेत, गावाकडच्या बंद खोलीत, जुन्या बाजारातल्या ढिगात, कधी भंगलेल्या चौकटीसह पिंपळाच्या पारावर ठेवून दिलेली. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, दत्त, रामपंचायतन, शकुंतला, दमयंती हे त्यांचे नेहमीचे विषय. घरातली मंडळी त्यांना सरसकट ‘जुने फोटो’ म्हणतात आणि घर रंगवायला काढले की प्रथम त्यांचीच रवानगी होते. त्यांतली अनेक चित्रे दगडावर हाताने रेखाटून, एकेक रंग स्वतंत्रपणे चढवून छापलेली शिळामुद्रिते आहेत आणि आजच्या साध्या, मोकळ्या भिंतीवर त्यांच्याइतकी शोभणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही. असे चित्र प्रथमच शोधू, विकत घेऊ किंवा वाडवडिलांकडून आलेले सांभाळू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यात पैशापेक्षा नजरेचे काम जास्त आहे आणि ती नजर थोड्या सरावाने कोणालाही कमावता येते.

आधी थोडा इतिहास, कारण तो पुढे कामी येतो

दगडावरून छापण्याची कला आलोइस झेनेफेल्डर याने 1796 मध्ये बव्हेरियात शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्या साध्या तत्त्वावर ती उभी आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेखाटलेल्या भागावरच बसते, ओल्या भागावर बसत नाही. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून क्रमाने जाई. छपाई पूर्ण झाल्यावर वर रोगण चढवून आणि कधी कागदावर कॅनव्हाससारखा पोत दाबून तैलचित्राचा भास निर्माण केला जाई. अशा चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 मध्ये चित्रशाळा सुरू केली आणि तिथून देवदेवता व मराठ्यांच्या इतिहासातल्या व्यक्तींची चित्रे घरोघर गेली. राजा रविवर्मा (1848–1906) यांनी भावासह 1894 मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, जर्मन तंत्रज्ञ आणले आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञांपैकी फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला आणि 1972 च्या आगीपर्यंत चालत राहिला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच छापखान्यात काम करत होते. या इतिहासातून नवख्या माणसाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: चित्राखाली ‘रविवर्मा प्रेस’ असे छापलेले असले, म्हणजे मूळ चित्र रविवर्म्यांनीच काढले आहे असे होत नाही. या छापखान्याने रविवर्म्यांच्या निधनानंतर साठाहून अधिक वर्षे चित्रे छापली आणि त्यांत इतर चित्रकारांचेही काम आहे. विक्रेते हा फरक बहुधा सांगत नाहीत.

पहिली पायरी: आपले आणि नातलगांचे घर

बाजारात जाण्याची घाई करू नये. आजोळी, काकांकडे, गावच्या घरी जी चित्रे आहेत ती आधी पाहावीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कुठून आली हे विचारावे. ‘आमच्या आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणली होती’ एवढे एक वाक्यही पुढे चित्राचा काळ ठरवताना उपयोगी पडते. पूजेतले चित्र असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नकोच.

भंगलेल्या चौकटीतला देव घरात ठेवू नये, या समजुतीमुळे कितीतरी चित्रे नदीत सोडली जातात किंवा पारावर ठेवली जातात. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही; पण विसर्जनापूर्वी काच आणि चौकट काढून चित्र एकदा उजेडात पाहू द्या, एवढी विनंती जरूर करावी. बहुतेक वेळा भंगलेली असते ती काच आणि कुजलेली असते ती चौकट. आतले चित्र शाबूत असते. चौकट नवी केली की तेच चित्र पुन्हा त्याच देवघरात बसवायला बहुतेक घरे आनंदाने तयार होतात.

दुसरी पायरी: भिंगातून पाहणे

दहापट मोठे दाखवणारे लहान भिंग जवळ बाळगावे. जवाहिरे आणि घड्याळजी वापरतात तसलेच हे भिंग सहज मिळते आणि या छंदातली एवढी एकच खरेदी अनिवार्य आहे.

भिंग डोळ्याला लावून चेहऱ्यापासून सुरुवात करावी. रविवर्मा छापखान्याच्या जुन्या लक्ष्मीचा गाल भिंगाखाली पाहिला, तर सलग गुलाबी रंग दिसत नाही. फिकट पिवळसर तळावर तांबूस, करडे आणि निळसर असे बारीक ठिपके दिसतात. ते एका मापाचे नसतात आणि एका ओळीतही नसतात. गालाच्या गोलाईबरोबर ते वळतात, हनुवटीखाली दाट होतात आणि कपाळाकडे विरळ होत जातात, कारण ते कारागिराने दगडावर लेखणीने एकेक करून टिपलेले असतात. पदराच्या काठावर एखादा रंग केसभर सरकलेला आढळतो, कारण प्रत्येक दगडावर कागद पुन्हा त्याच जागी हाताने बसवावा लागे. चित्राच्या कडेला बारीक फुली किंवा रेघ दिसली तर तीही कागद जागेवर बसवण्याचीच खूण.

आता शेजारी कुठलेही अलीकडचे कॅलेंडर ठेवून तेच भिंग फिरवावे. तिथे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात आणि त्यांची लहान लहान वर्तुळे, फुलासारखी, चित्रभर सारख्याच अंतराने उमटतात. गाल असो, आकाश असो की हत्तीची सोंड, जाळी बदलत नाही. ही ऑफसेट छपाई.

संगणकाच्या प्रिंटरवर काढलेली आधुनिक नक्कल मात्र नवख्याला फसवू शकते, कारण तिच्यात नियमित जाळी नसते. अतिशय बारीक तुषार विखुरलेले दिसतात आणि ते हाताच्या ठिपक्यांसारखे वाटतात. अशा वेळी चेहरा सोडून चित्राखालच्या अक्षरांकडे जावे. अस्सल शिळामुद्रितात अक्षरे एकाच शाईने सलग भरलेली असतात आणि त्यांच्या कडा स्वच्छ असतात. मूळ चित्राचा फोटो काढून केलेल्या नकलेत अक्षरेही चित्राबरोबरच आलेली असतात, म्हणून काळे अक्षर भिंगाखाली रंगीत कणांत फुटते आणि त्याची कड पिंजल्यासारखी दिसते. माझ्या मते सगळ्या कसोट्यांत हीच सर्वांत भरवशाची आहे आणि काचेवरूनही ती करता येते.

कागदाचाही विचार करावा, पण त्यावर फार विसंबू नये. जुना कागद कडेला तपकिरी पडलेला असतो, पण चहाच्या पाण्यात बुडवून नवा कागदही तपकिरी करता येतो. नैसर्गिक पिवळेपणा असमान असतो: चौकटीखाली झाकलेली पट्टी उजळ राहते आणि काचेमागचा भाग काळवंडतो, किंवा मागच्या लाकडी फळीच्या शिरांचे ठसे कागदाच्या पाठीवर उमटलेले असतात. एकसारखा, सर्वदूर पसरलेला तपकिरी रंग दिसला की सावध व्हावे.

जाळीचे ठिपके दिसले म्हणून चित्र टाकाऊ ठरत नाही, हेही इथेच सांगायला हवे. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल आणि एस. एम. पंडित यांच्या चित्रांची जी कॅलेंडरे विसाव्या शतकाच्या मध्यावर निघाली, त्यांत ठिपक्यांची जाळी असणे साहजिक आहे, कारण तोवर छपाईचे तंत्रच बदलले होते. त्या काळातली छापील प्रत ही स्वतः जपण्याजोगी वस्तू आहे. प्रश्न एवढाच, की विक्रेता ज्या काळाचे म्हणून चित्र विकतो आहे, त्या काळाचे तंत्र त्यात दिसते का.

तिसरी पायरी: तळची पट्टी वाचणे

चित्राखालच्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या कोऱ्या पट्टीत चित्राचे नाव, छापखाना, प्रकाशक आणि कधी क्रमांक असतो. रविवर्मा छापखान्याच्या चित्रांवर कधी मुंबईचा, तर नंतर कार्ला-लोणावळ्याचा उल्लेख सापडतो आणि त्यावरूनच चित्र आधीचे की नंतरचे याचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या मोती बाजारातले टोपीवाले अनंत शिवाजी देसाई यांचे नावही अनेक चित्रांवर आढळते. ते या चित्रांचे मोठे विक्रेते होते. पुण्याच्या चित्रशाळेचे नाव देवनागरीत असेल तर ते पाहून फार बरे वाटते. ‘जर्मनीत छापले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर तीही अस्सलच असू शकते, कारण भारतीय व्यापारी जर्मनीतूनही चित्रे छापवून आणत. काही चित्रांवर एखाद्या औषधाची किंवा साबणाची जाहिरात असते आणि खाली तारखांचा तक्ता लावलेला असतो. त्या तक्त्यावरचे वर्ष सापडले तर काळाचा प्रश्नच मिटतो.

दुर्दैवाने हीच पट्टी सर्वांत आधी कापली जाते. हाताशी असलेल्या चौकटीत चित्र बसावे म्हणून पूर्वी फ्रेमवाले खालचा कागद सर्रास छाटत. पट्टी शिल्लक असलेले चित्र आणि छाटलेले चित्र यांच्या किमतीत म्हणूनच मोठा फरक पडतो. केवळ भिंतीवर लावण्यासाठी चित्र हवे असेल, तर छाटलेले चित्र कमी किमतीत घेणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. मात्र ते छाटलेले आहे हे समजून घ्यावे.

चौथी पायरी: बाजार

मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या चोर बाजारात, विशेषतः मटण स्ट्रीटवर, जुनी चित्रे विकणारी दुकाने आहेत. शुक्रवारी नेहमीची दुकाने बंद असतात, म्हणून तो दिवस टाळावा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे चित्र सापडेलच असे नाही, पण सापडले तर ते दुकानाच्या मानाने स्वस्त असते. सकाळी लवकर जावे, कारण जाणकार खरेदीदार तेव्हाच येऊन जातात.

बाजाराआधी एकदा अस्सल चित्रे पाहून यावीत. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे श्रीभवानी संग्रहालय यासाठी उत्तम आहे; औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या त्या संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत. मूळ चित्रातला रंगांचा सौम्यपणा डोळ्यांत बसला, की भडक नक्कल दुरूनच कळू लागते.

दुकानात चित्र चौकटीबाहेर काढून दाखवायला सांगावे. चौकट उघडण्यास विक्रेता तयार नसेल, तर नवख्या माणसाने ते चित्र घेऊच नये, मग ते कितीही मनात भरलेले असो. चित्र हातात आल्यावर पाठ पाहावी, उजेडासमोर धरून भोके आणि जोड तपासावेत, हळूच कडेने पाहून रोगणाला भेगा गेल्या आहेत का ते बघावे. कोपरे फाटलेले, कडा कुरतडलेल्या, एखादा डाग पडलेला असे चित्र घ्यायला हरकत नाही. चेहऱ्यावरून फाटलेले, प्लायवूडवर फेविकॉलने चिकटवलेले किंवा लॅमिनेशन केलेले चित्र मात्र सोडून द्यावे, कारण ते पूर्ववत करणे जवळपास अशक्य असते. वरून रंगांचे हात मारून ‘नवे’ केलेले चित्रही तसेच.

कधी कधी देवीच्या लुगड्याच्या जागी खरे कापड, दागिन्यांच्या जागी जर, टिकल्या आणि मणी चिकटवलेले चित्र मिळते. जुन्या काळी हौसेने अशी सजावट करून घेत. ती खराबी समजून काढू नये. अशी चित्रे मोलाची मानली जातात आणि सुंदरही दिसतात. त्यांना काचेपासून जास्त अंतर लागते, एवढे फ्रेमवाल्याला सांगावे.

पाचवी पायरी: चौकट

या सगळ्या प्रवासात चित्राचे सर्वाधिक नुकसान कुठे होत असेल, तर ते फ्रेमवाल्याच्या टेबलावर. म्हणून चित्र देऊन निघून न येता समोर बसून काम करून घ्यावे आणि आधी स्पष्ट शब्दांत काही अटी घालाव्यात.

कागद कुठेही कापायचा नाही. कागद कशावरही संपूर्ण चिकटवायचा नाही. सेलोटेप लावायची नाही. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि निघत नाही. चित्राच्या मागे आणि पुढे लागणारा माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा असावा, कारण साध्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदाला पिवळा आणि ठिसूळ करते. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवावे, म्हणजे हवेतल्या दमटपणाबरोबर कागदाला प्रसरण पावायला आणि आकसायला जागा राहते आणि उद्या काढायचे झाले तर किंचित ओल देऊन ते सुटे करता येते. माउंटची खिडकी कापताना तळची पट्टी दिसेल एवढी ती खाली घ्यावी. पट्टी झाकून वरचे चित्र तेवढे दाखवण्याची फ्रेमवाल्यांची सवय असते, तिला इथे नम्रपणे पण ठाम नकार द्यावा.

काच आणि चित्र यांच्यामध्ये अंतर हवेच. ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. रोगण चढवलेला कागद पावसाळ्यातल्या दमट हवेत काचेला चिकटतो आणि एकदा चिकटला की ओढून काढताना रंगाचा थर काचेवर राहतो. जुने चित्र आधीच असे चिकटलेले असेल तर घरी काहीही प्रयोग करू नयेत. काचेसह ते कागद-संवर्धकाकडे न्यावे. परवडत असेल तर अतिनील किरण अडवणारी काच घ्यावी.

जुनी सागवानी चौकट चांगली असेल तर जरूर ठेवावी, पण तिच्या मागची लाकडी फळी बदलावी आणि आतल्या खाचेला आम्लरहित कागदाची पट्टी लावून घ्यावी. नवी चौकट करायची तर साधी, गडद रंगाची, अरुंद लाकडी पट्टी या चित्रांना सर्वांत जास्त शोभते. सोनेरी नक्षीच्या जाड चौकटीची मी शिफारस करणार नाही. चित्रातच इतके दागिने, फुले आणि जरीकाठ असतात, की बाहेर आणखी सोने आले म्हणजे डोळ्याला विसावा उरत नाही.

चित्र पुसायचे झाले तर मऊ, कोरड्या ब्रशने अलगद धूळ झटकावी, एवढेच. ओले फडके, बटाट्याची फोड, पावाचा लगदा यांसारखे घरगुती उपाय करू नयेत. तांबूस ठिपके हे बुरशीचे किंवा कागदातल्या अशुद्धीचे असतात. ते घरी काढता येत नाहीत आणि खरे तर काढण्याची गरजही नसते.

सहावी पायरी: भिंतीवरची जागा

थेट ऊन येणारी भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत या तिन्ही बाद. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात तिसऱ्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे जाड तुकडे चिकटवले, की भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. जुन्या वाड्यांत तसबिरी उंचावर, वरच्या बाजूने पुढे झुकवून टांगत, त्यामुळे मागे हवा राही आणि खाली बसलेल्या माणसाला चित्र नीट दिसे. आजच्या सदनिकेत जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंत साधारण 145 ते 150 सेंटिमीटर उंची ठेवावी. बैठकीची खोली असेल तर थोडी कमी.

ही चित्रे गर्दीत हरवतात. साधारण 14 बाय 20 इंचांचे एक चित्र, भोवती फिकट चुन्याच्या रंगाची मोकळी भिंत आणि खाली लाकडी बाक किंवा पितळेची एखादी समई एवढे पुरेसे आहे. दोन-तीन चित्रे एकत्र लावायची असतील तर एकाच छापखान्याची किंवा एकाच विषयाची निवडावीत. दिवा चित्रावर रोखून न लावता खोलीत पसरेल असा, मंद आणि उबदार रंगाचा एलईडी असावा.

चित्राची पूजा होत असेल तर गंध-कुंकू काचेवरच लागेल, हार चौकटीला अडकेल आणि निरांजन व उदबत्ती थोडी दूर राहील, अशी व्यवस्था घरातल्यांशी बोलून करावी. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यावा, काचेवर फवारू नये, कारण तो कडेने आत उतरतो. दर पावसाळ्यानंतर चौकट उतरवून मागची बाजू पाहावी: कसर, वाळवीची माती किंवा बुरशीचा वास आढळला तर लगेच उघडावी. डांबरगोळ्या मात्र चौकटीच्या आत ठेवू नयेत.

परदेशी नेण्याविषयी आणि नोंदीविषयी

परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना आजोबांच्या घरातले चित्र सोबत न्यावेसे वाटते. त्यांनी 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आधी समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यांच्या कलाकृतींना 1979 पासून कलानिधी म्हणून स्वतंत्र संरक्षणही आहे. चित्र शंभर वर्षांपेक्षा अलीकडचे आहे असे वाटत असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन मगच सामानात ठेवावे.

चौकट बंद करण्यापूर्वी चित्राचे, तळच्या पट्टीचे आणि पाठीचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवावेत. चित्र कोणाकडून आले, कोणत्या गावच्या घरात होते, कधी आणि कोणाकडे चौकट केली, हे आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागच्या बाजूस लावावा. शाईचे पेन वापरू नये आणि चित्राच्या पाठीवर काहीही लिहू नये.